२६ सेकंदांत रक्तात? त्या फॉरवर्डचा समाचार

"अंगाला लावलेल्या वस्तूतलं ६० टक्के केमिकल २६ सेकंदांत रक्तात जातं. डिओने स्तनाचा कॅन्सर होतो. टूथपेस्टच्या ट्यूबवर काळी पट्टी म्हणजे ती पूर्ण केमिकल. लिपस्टिकवर सोन्याची अंगठी घासा, काळी रेघ उमटली तर त्यात शिसं. आजच सगळं फेका, फक्त घरगुती वापरा." बोरिवलीपासून डोंबिवलीपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या हे फिरतंय.

पट्टी आणि अंगठीचं आधी उरकून टाकते. ट्यूब कुठे कापायची, कुठे बंद करायची हे मशीनच्या सेन्सरला कळावं म्हणून ती पट्टी छापतात. आतल्या पेस्टशी तिचा काही संबंध नाही. शिसं प्रयोगशाळेत मोजतात, अंगठीने नाही.

आता ते ६० टक्के. असा एकच आकडा असूच शकत नाही. त्वचेचा सगळ्यात वरचा, मृत पेशींचा थर मोठ्या रेणूंना सहसा अडवतो. लहान आणि तेलात विरघळणारे रेणू मात्र आत शिरतात, म्हणून तर सिगारेट सोडायला कातडीवर चिकटवतात तो निकोटिनचा पॅच काम करतो. तेव्हा "सगळं रक्तात जातं" हे जितकं खोटं, तितकंच "काहीच जात नाही" हेही. कॅलिफोर्नियात १०० किशोरवयीन मुलींना तीन दिवस थॅलेट (सुवास टिकवायला घालतात), पॅराबेन (वस्तू खराब होऊ नये म्हणून घालायचं प्रिझर्व्हेटिव्ह), ट्रायक्लोसान (जंतुनाशक) वगैरे नसलेली प्रसाधनं वापरायला दिली होती. २०१६ मध्ये निष्कर्ष आले: लघवीतलं मिथाइल पॅराबेन सुमारे ४४ टक्क्यांनी आणि ट्रायक्लोसान ३६ टक्क्यांनी घटलं. म्हणजे संपर्क कमी करता येतो, तोही झटपट. गंमत म्हणजे दुसरी दोन पॅराबेन त्याच काळात वाढली. "फ्री" छापलेल्या बाटलीवर डोळे मिटून विश्वास टाकू नये तो यासाठी.

डिओ आणि कॅन्सरची भीती मुख्यतः २००४ च्या एका ब्रिटिश अभ्यासामुळे पसरली. स्तनातल्या गाठींच्या २० नमुन्यांत पॅराबेन सापडली, पण निरोगी ऊतींशी तुलनाच केलेली नव्हती आणि ती डिओतूनच आली हेही दाखवलेलं नव्हतं. त्याआधी २००२ मध्ये अमेरिकेत ८१३ रुग्ण स्त्रियांची तुलना निरोगी स्त्रियांशी केली होती. त्यात संबंध आढळला नाही. युरोपने २०१४ मध्ये पाच पॅराबेन बंद केली, मिथाइल आणि इथाइल मर्यादेत चालू ठेवली. हा निवाडा मला फॉरवर्डपेक्षा शहाणा वाटतो. कारण जुलैच्या मुंबईत, जिथे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे प्रिझर्व्हेटिव्हशिवायची घरगुती कोरफड जेल किती दिवस टिकणार? लागेल तेवढं उटणं ताजं कालवा, हरकत नाही. लिंबू चोळून उन्हात मात्र जाऊ नका, कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहतात.

खरं कमी करायचं असेल तर सुवासाकडे बघा. लेबलवर "परफ्यूम" किंवा "फ्रॅग्रन्स" हा एक शब्द असतो, त्यामागे डझनभर घटक असू शकतात, कधी थॅलेटही. साबण, पावडर, बॉडी लोशन, डिओ हे सगळंच घमघमायला हवं का? दोन वस्तू बिनवासाच्या घेतल्या तर खर्चही वाढत नाही.

फॉरवर्डमध्ये जे नाहीच, त्याचा मला जास्त राग येतो. गोरं करणाऱ्या, ना कंपनीचा पत्ता ना परवाना क्रमांक अशा क्रीमवर एक ओळ नाही. त्यांतल्या काहींत पारा असतो, आणि पारा मूत्रपिंड बिघडवतो. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींचा असा प्रकार परळच्या केईएम रुग्णालयापर्यंत आला होता. आपल्याकडे क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायला बंदी आहे. नकळत आलेलाही दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. अशी डबी दिसली तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) तक्रार करा, आणि महिनोन्‌महिने लावली असेल तर डॉक्टरांना सांगून लघवी तपासून घ्या.

टिकलीचंही तेच. काही टिकल्यांच्या गोंदातल्या एका रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो, हे त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं बघतायत. खाज सुटली तर टिकली त्याच दिवशी काढा.