आपल्याच गल्लीत पाहुण्यासारखं कसं राहावं

पार्ल्यात, म्हणजे पूर्वेला हं, तुम्ही तीस-चाळीस वर्षं राहत असाल तर तुम्हाला राहायची पद्धत नाही हे आधी मान्य करून टाका. मलाही नव्हती. गेल्या शनिवारी सकाळी सव्वानऊ वाजता शिकलो. पण शनिवारचं नंतर सांगतो, आधी बाकीचं, म्हणजे तुमच्यावर एकदम शनिवार उजाडायला नको.

तर बिल्डिंगीच्या स्लॅबचा पोपडा डोक्यात पडला की ओरडायचं नाही, शुभशकुन समजायचा. आता रिडेव्हलपमेंट होणार. मग मीटिंग लागेल. दोन तृतीयांश कोरम लागतो आणि 51 टक्के लोकांची लेखी संमती, शिवाय व्हिडिओ शूटिंग होतं, तेव्हा दाढी करून जा. बिल्डर निवडायच्या मीटिंगला समोसे असतील, ते खा, प्रश्न विचारू नका. आमच्या तळमजल्यावरच्या काकूंनी एकच विचारलं की ओसी, म्हणजे नव्या बिल्डिंगीत राहायला जायचा पालिकेचा दाखला, कधी मिळणार ते लिहून देणार का. सगळे हसले, मीपण हसलो, आणि काकूंना पुढे दोन महिने कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही.

एरिया किती वाढला हे पट्टी घेऊन मोजू नका. मी मोजला. रेरा नावाच्या घरांच्या कायद्यातल्या कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या मापात, पार्टिशनच्या भिंतीसुद्धा धरतात, त्यामुळे आमची 'वाढ' बऱ्यापैकी भिंतींच्या आतच आहे. तिथे फडताळ करता येईल म्हणून बायको खूश आहे, तिचं काय मी मोडत नाही.

आता हे नीट लक्ष देऊन वाचा कारण पुढे उपयोगी पडणार आहे. आपल्या डोक्यावरून विमानं जातात, म्हणून बिल्डिंग किती उंच करायची ते एअरपोर्टवाले ठरवतात. दादर-परळसारखा चाळीस मजली टॉवर इथे बांधता येत नाही. मग बिल्डर चष्मा काढून टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, गणित बसत नाहीये हो. मग गणित बसवायला तळमजल्यावर दुकानं काढायची, कारण दुकानाचा रेट घरापेक्षा वरचा. 'थोडं कमर्शियल घेतलं तर तुमचाच कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारी रोख रक्कम, वाढेल.' या वाक्याला मान डोलवायची असते. गणित बसतं. बसतंच.

भाड्याचं घर शोधताना घाई करा. तुमच्याबरोबर आजूबाजूच्या सात-आठ बिल्डिंगा पाडलेल्या असतात आणि सगळ्यांना हवी असते तीच चार रोडांवरची जागा, कारण मुलगी पार्ले टिळकमध्ये आणि आईचे डॉक्टर सुभाष रोडला. बिल्डर देतो त्या भाड्यात टू बीएचके अगदी आरामात मिळतो, गोरेगावच्या पुढे. ब्रोकर विचारेल, 'नॉनव्हेज?' तेव्हा तोंडाला पाणी सुटू न देता नाही म्हणा. ज्या हनुमान रोडवरून गजाली हे मासळीचं हॉटेल जगभर पोचलं त्या पार्ल्यात मी आता खिडक्या लावून, पंखा फुल करून, चोरासारखे बोंबील तळतो. भाड्याचा चेक उशिरा आला तर फोन करू नका, बिल्डरचा माणूस साइटवर असतो. कायम साइटवर असतो. साइटवर गेलं की ऑफिसला असतो.

धुळीचं मनावर घेऊ नका. ऑक्टोबर 2023 मध्ये पालिकेने 27 कलमांची नियमावली काढली आहे, उंच पत्रे, हिरवं कापड, पाण्याचे फवारे, सगळं आहे त्यात. आमच्या गल्लीत पत्रे आहेत बरं का. त्यावर जाहिरातीतली एक बाई बाथटबमध्ये पुस्तक वाचतीये.

बिस्किटाच्या वासाबद्दल नव्या लोकांना सांगत बसू नका. पार्ले-जीची फॅक्टरी 2016 ला बंद झाली, सोडा आता.

आणि बाहेर खायला जायचं असेल तर आधी घरी जेवून जा.

बाहेर खाण्यावरून आठवलं. आता शनिवार.

सध्या आम्ही भाड्याने राहतो त्या गल्लीत एक नवीन बिल्डिंग झालीये, तिच्या तळमजल्यावर कॅफे निघालाय. पूर्वी तिथे कंपाउंडला लागून एक बिटकीचं आंब्याचं झाड होतं आणि त्याखाली इस्त्रीवाला, आता दोघंही नाहीत, काचेच्या आत एक प्लास्टिकचं झाड मात्र आहे. असो. कॅफेसमोर वॅले पार्किंग, म्हणजे चावी त्यांच्या मुलाकडे द्यायची, टोकन घ्यायचं, गाडी तो लावतो. आता वॅलेशी कसं वागावं यासाठी माझी सूचना अशी, की सर्वप्रथम रस्त्यावर ठेवलेल्या नारिंगी कोनाला नमस्कार करावा. तो कोन रात्रीत उगवतो. आधी एक असतो कॅफेच्या दारात, आठवड्याने तीन होतात, मग त्यांच्यात दोरी येते, मग दोरीजवळ काळा टीशर्ट घातलेला एक मुलगा येतो, आणि तो मुलगा तुम्हाला विचारतो, किधर जाना है. चाळीस वर्षं पार्ल्यात काढलेल्या माणसाला, हातात दुधाची पिशवी असलेल्या, पायजम्यातल्या माणसाला, किधर जाना है! पायजम्यात माणूस कुठे जातो रे? आणि गाड्या कुठे लावतात? कॅफेला पार्किंग नाहीच. बिल्डिंगीच्या नकाशात असेल, तिथे आता किचनची पिंपं आणि गॅस सिलिंडर ठेवलेत. गाड्या लावतात आमच्या गेटसमोर, शेजारच्या गेटसमोर, डॉक्टरांच्या क्लिनिकसमोर, फुटपाथवर दोन चाकं चढवून, आणि चाव्या त्या मुलाच्या कमरेच्या पाऊचमध्ये. म्हणजे आपली गाडी बाहेर काढायची तर आपण पाऊच शोधत फिरायचं. आणि तो पाऊच जेवायला गेलेला असतो!

तर शनिवारी आईला फास्टिंगची ब्लड टेस्ट करून रिक्षाने घेऊन आलो. आईचं वय 79, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पोटात काही नाही, पाऊस सणसणीत. रिक्षा आमच्या गेटशी थांबणार एवढ्यात तो मुलगा धावत आला आणि रिक्षावाल्यावरच खेकसला, 'आगे लो, आगे लो, यहाँ गाडी लगेगी.' रिक्षावाला बिचारा सवयीने पुढे गेला. चाळीस पावलं. मी मोजली, कारण परत येताना आईबरोबर ती एकेक करून चालायची होती, एका हातात काठी, एका हातात माझा दंड, छत्री कोणाच्याच डोक्यावर नीट नाही, आणि फुटपाथवर कोणाचीतरी मोठी पांढरी एसयूव्ही म्हणून रस्त्यातल्या पाण्यातून. गेटशी पोचलो तर तो मुलगा म्हणतो काय, 'अंकल, टोकन है क्या?'

टोकन.

मी त्याच्यावर ओरडलो. मग लाज वाटली, एकविसेक वर्षांचा असेल, बारा तास उभा असतो, रेनकोटही कंपनीने दिलेला नाही. आत जाऊन मॅनेजरशी बोललो. मॅनेजर फार गोड. म्हणाला, सर, आम्ही फीडबॅकची कदर करतो, आणि मला एक कार्ड दिलं, पुढच्या भेटीत कॉफीवर दहा टक्के सूट. ओल्या पायजम्यात मी ते कार्ड घेऊन उभा. वॉर्ड ऑफिसला फोन केला तर ते म्हणाले ट्रॅफिकला करा, ट्रॅफिकवाले म्हणाले फोटो पाठवा, फोटो पाठवला, तक्रार 'निकाली' निघाली. कोन तिथेच.

तेव्हा आता सूचनाबिचना राहू द्या, सरळच सांगतो.

रस्ता पालिकेचा आहे, म्हणजे तुमचा-माझा आणि त्या रिक्षावाल्याचा. दुकानासमोरचा रस्ता दुकानाबरोबर मिळत नाही. कोन ठेवून तो आपला होत नाही, दोरी बांधून तर मुळीच नाही. धंदा करा, कोण नको म्हणतंय, दहा मराठी मुलांना नोकऱ्या लागल्या तर मी पेढे वाटीन, पण स्वतःचं पार्किंग किचनला देऊन लोकांच्या दारात गाड्या लावता याला धंदा म्हणत नाहीत, याला बळकावणं म्हणतात. आणि तुम्ही, किल्ली फेकून आत जाणारे, गाडी कुठे लागते एकदा तरी मागे वळून बघा की! लोखंडवालातून ब्रंचला येता, स्टेशनपासून सात मिनिटं चालवत नाहीत तुम्हाला?

आणि सगळ्यात जास्त राग आहे तो आपल्यावर. 2024 मध्ये पार्ले पंचम या संस्थेने नव्या बिल्डिंगांमध्ये मराठी माणसांसाठी 50 टक्के घरं राखून ठेवा अशी मागणी केली, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला होता. त्यातल्याच दोघांनी पझेशनच्या आधीच फ्लॅट विकायला काढलेत, जो जास्त देईल त्याला. मी कोण बोलणार म्हणा. कारण आमच्या नव्या बिल्डिंगीच्या तळमजल्यावर तीन दुकानं आहेत, त्यातली दोन जोडून बिल्डर एका 'एफ अँड बी ब्रँड'शी, म्हणजे खाण्यापिण्याच्या कंपनीशी, बोलतोय, आणि त्या मीटिंगचं जे व्हिडिओ शूटिंग आहे ना, त्यात दुसऱ्या रांगेत, समोसा डाव्या हातात घेऊन उजवा हात सगळ्यात आधी वर करणारा इसम मीच आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, आणि याचं शूटिंगसुद्धा आहे. काकूंनी तेव्हा हात वर केला नव्हता. त्यांचा फोन नंबर शोधतोय, त्या आता लेकीकडे डोंबिवलीला असतात.

राहता राहिला कोन. त्यातला एक शनिवारी रात्री मी वर आणला. बाल्कनीत आहे, त्यावर आईने गुडघ्याचा पट्टा वाळत घातलाय. ज्याचा असेल त्याने घेऊन जावा. तिसरा मजला, लिफ्ट बंद आहे, आणि येताना टोकन आणा.