नागपूरचा कूलर आणि मुंबईचा प्रोसेसर : एका रागावलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. ‘वयाने मोठा आहे म्हणून सांगतो’ असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणतोय.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. पंख्याच्या एअर कूलरवर कॉम्प्युटरचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक कसा करायचा, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जोरात कसा पळवायचा, यावर मी जानेवारीत लिहिलं होतं. त्यावर काकांनी चांगलंच झापलंय. त्यांचं म्हणणं असं. मुंबईच्या उकाड्यात हे उद्योग म्हणजे पोरांच्या हातात काडेपेटी देणं. दमट हवेत एअर कूलर चालतच नाही, करायचंच असेल तर लिक्विड, म्हणजे पाण्याने उष्णता वाहून नेणारा कूलर लावा. दहा मिनिटं सिनेबेंच ही वेग मोजणारी टेस्ट चालवून मी ‘स्टेबल’, म्हणजे न चुकता चालणारं, म्हणतो, ही धूळफेक आहे. त्यांच्या भाच्याने लेख वाचून प्रोसेसरला १.४५ व्होल्ट दिले, मार्चमध्ये त्याचा मदरबोर्ड गेला आणि दुकानदार वॉरंटी नाही म्हणतो. आणि शेवटी, ‘पाच टक्क्यांसाठी एवढा खटाटोप कशाला?’

उत्तराला उशीर झाला, कारण रविवारची वाट बघत होतो. दुपार हवी होती.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. दहा मिनिटांची टेस्ट. मान्य, शंभर टक्के मान्य. आणि तुम्हाला माहीत नसलेली गोष्टही सांगतो. त्याच सेटिंगवर फेब्रुवारीत मावसभावाच्या मुलाच्या मुंजीचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करत होतो, तो दोनदा मध्येच थांबला. मी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. आठवड्याने फोटोंची झिप फाइल उघडताना सीआरसी एरर, म्हणजे आतला डेटा बिघडल्याचा इशारा आला, तेव्हा कुठे विंडोजची चुकांची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर उघडला. हार्डवेअरच्या चुका नोंदवणाऱ्या ‘व्हिया-लॉगर’च्या ओळी तिथे रांगेने उभ्या! म्हणजे प्रोसेसर गुपचूप चुका करत होता आणि सिनेबेंच मला शाबासकी देत होतं. ओव्हरक्लॉक फसला की मशीन बंद पडतं, असं आपण धरून चालतो. तसं बंद पडलं तर उलट नशीब म्हणायचं. खरा त्रास असा बिनबोभाट होतो, आणि तो मला होत असताना लेखात मात्र ‘स्टेबल’ हा शब्द झळकत होता. तो मी काढलाय.

आता रविवारची गोष्ट. माझी खोली मुलुंडला, वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. जानेवारीत टेस्ट केली तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि कॅबिनेटच्या तोंडाशी ठेवलेला थर्मामीटर २५ अंश दाखवत होता. या रविवारी दुपारी अडीच वाजता त्याच जागी ३५.५. एसी मुद्दाम लावला नाही, नुसता छताचा पंखा. प्रोसेसर तोच, रायझन ५ ५६००एक्स. सेटिंगही तेच, सगळे कोअर (प्रोसेसरमधले सहा गाभे) ४.७ गिगाहर्ट्झ, १.३ व्होल्ट. एअर कूलर टॉवरचा, म्हणजे धातूच्या पात्यांचा उभा मनोरा आणि त्याला १२० मिलिमीटरचा एक पंखा. जानेवारीत अर्ध्या तासाने प्रोसेसरचं तापमान ७८ अंशांवर स्थिरावलं होतं. रविवारी ९०. या प्रोसेसरची कंपनीने दिलेली कमाल मर्यादा ९५ आहे.

यात जादू काही नाही. एअर कूलर चिपला हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो दोघांमधलं अंतर राखतो. माझ्या मशीनमध्ये ते अंतर त्रेपन्न-चौपन्न अंशांचं. खोली दहाने वर गेली की चिपही दहाने वर. शिवाय तापलेली चिप थोडी जास्त वीज गळू देते, म्हणून वर एखादा अंश व्याजाचा. तेव्हा मुंबईत ओव्हरक्लॉकचा आकडा मे महिन्याच्या दुपारी ठरवायचा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ठरवलेला आकडा म्हणजे लग्नाच्या एसी हॉलसाठी शिवून घेतलेला कोट, उन्हात घालून बघितलेलाच नाही. माझ्या लेखातली खरी चूक ही होती, आणि ती तुम्ही ‘उकाडा’ या एका शब्दात पकडलीत.

पण काका, दमट हवेचं तुमचं म्हणणं मात्र मला पटत नाही.

तुमच्या डोक्यात बहुतेक नागपूरचा कूलर आहे. वाळ्याच्या ताट्या, पाण्याची टाकी, भसाभसा पंखा. नागपुरात मे महिन्यात तो खोली गार करतो आणि मुंबईत नुसती ओल वाढवतो, कारण त्याचं सगळं काम पाण्याच्या वाफेवर चालतं. आपला घामही तसाच. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर घाम वाळत नाही आणि जीव कासावीस होतो. पण हीटसिंकला, म्हणजे चिपवर बसवलेल्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्याला, घाम येत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांवरून हवा जाते आणि उष्णता घेऊन निघते. त्या हवेत बाष्प किती, याने फारसं काही बिघडत नाही. चिपची उष्णता पात्यांकडे नेणाऱ्या हीट पाइपच्या आत पाणी उकळून वाफ होते आणि पुन्हा पाणी होतं हे खरं, पण ती नळी दोन्ही बाजूंनी सीलबंद असते. बाहेर जुलैचा पाऊस आहे की मेचं ऊन, आतल्या पाण्याला त्या दमटपणाचा पत्ताही नसतो. चिपवर दव जमण्याची भीतीही एअर कूलरवर नाही, कारण चालू मशीनमध्ये प्रोसेसर खोलीपेक्षा नेहमी गरमच असतो.

दमटपणाचा खरा उपद्रव वेगळा, तो धुळीतून येतो. पुण्याच्या कॅबिनेटमधली धूळ फुंकर मारली की उडते. आपल्याकडची ओलसर होऊन पात्यांच्या फटींत नमद्यासारखी बसते. समोर बांधकाम चालू असेल तर विचारूच नका. रविवारी टेस्टच्या आधी मी जाळी काढली, साबणाने धुतली आणि गॅलरीत आईच्या कुरडयांशेजारी वाळत घातली. त्यावरून जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. पात्यांमधली धूळ रंगाच्या जुन्या ब्रशने काढली. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर ते गरागरा फिरतं आणि बेअरिंगची वाट लागते. वर सांगितलेले ९० अंश या सफाईनंतरचे आहेत. सफाईआधी मशीन ९४ ला टेकलं होतं. चार अंश नुसत्या धुळीचे! पैशांत बघितलं तर ओव्हरक्लॉकसाठी सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे तो ब्रश.

आता लिक्विड, आणि ओघाने भाचा.

लिक्विड कूलरमधलं पाणी उष्णता नेतं कुठे? रेडिएटरपर्यंत. आणि रेडिएटर ती टाकतो त्याच ३५ अंशांच्या खोलीत. दोनशे-अडीचशे वॉट खाणारा प्रोसेसर असेल तर मोठ्या रेडिएटरचा फायदा नक्की होतो, तिथे मीही तेच लावीन. पण शंभर-एक वॉटच्या सहा कोअरवाल्याला चांगला टॉवर पुरतो, पाण्याने चार-पाच अंश मिळतील. आणि बिघाड झाला तर? टॉवरचा पंखा मेला की ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून नवा आणायचा, क्लिपा अडकवायच्या, झालं. पंप मेला तर अख्खं धूडच बदला.

भाच्याच्या बाबतीत तर लिक्विडने काहीच वाचलं नसतं. तुम्ही लिहिलंय की त्याचा बोर्ड साधा बी४५० मॉडेलचा आहे, व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, हीटसिंक नाही आणि प्रोसेसरबरोबर आलेला गोल कूलर काढून त्याने टॉवर बसवला. बाकी कशापेक्षा हेच मला खटकलं. तो गोल कूलर दिसायला किरकोळ, पण हवा खाली बोर्डावर फेकतो. सॉकेटच्या बाजूला व्हीआरएमचे जे काळे चौकोनी तुकडे असतात, प्रोसेसरला वीज पुरवणारे, त्यांना त्याचा वारा फुकटात मिळतो. टॉवर हवा आडवी फेकतो, पुढून मागे. प्रोसेसर गार झाला, पण व्हीआरएमचा वारा गेला. लिक्विड लावलं असतं तर तिथे पंखाच उरला नसता. त्यात भाच्याने व्होल्टेज वाढवलं, म्हणजे त्या उघड्या तुकड्यांतून जास्त करंट ओढला. प्रोसेसरचं तापमान झकास दिसत असणार आणि शेजारी बोर्ड भाजत असणार. लेखात कूलर बदलायला सांगताना मी यावर एक ओळही लिहिली नव्हती. ही चूक माझीच.

१.४५ चं मात्र मी सांगितलं नव्हतं, माझा आकडा १.३ होता. तरी तो मुलगा तिथे कसा पोचला याचा मला अंदाज आहे. एचडब्ल्यूइन्फो हे व्होल्टेज-तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं की कंपनीच्या मूळ सेटिंगवरही १.४५ दिसतात. मग वाटतं, कंपनीच देतेय तर आपण दिले म्हणून काय झालं? पण ते असतात हलक्या कामात, एखाद-दुसऱ्या कोअरला, क्षणभर, करंट कमी असताना. सगळ्या कोअरवर भार आला की प्रोसेसर आपणहून व्होल्टेज खाली आणतो. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, आकडा बांधून टाकला की ही समज निघून जाते, आणि विजेच्या मर्यादाही बाजूला पडतात. हिशेब बघा. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा मूळचं ४.४५ गिगाहर्ट्झ आणि १.२ व्होल्ट आहे. तिथून ४.७ आणि १.४५ ला गेलात तर वेग साडेपाच टक्क्यांनी वाढला आणि उष्णता जवळजवळ दीडपट झाली. १.३ ला थांबलात तर तेवढ्याच वेगासाठी पाव पट जास्त. तापमान दिसतं म्हणून सगळे त्याच्याकडे बघतात. चिप कायमची झिजते ती व्होल्टेज आणि करंटने, तापमान त्यात तेल ओततं.

राहिला खटाटोपाचा प्रश्न. तुम्ही १९९८ चा सेलेरॉन ३००ए हाताळला असणार. बसचा, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्डामधल्या रस्त्याचा, वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तीनशेचा साडेचारशे, साध्या कूलरवर. दीडपट वेग, जवळपास फुकट! ते दिवस गेले हे खरंय. आता कंपन्याच चिपमधलं बरंचसं पिळून आपल्या हातात देतात. म्हणून मीही रस्ता बदललाय. बांधलेला ४.७ काढून टाकला. पीबीओ, म्हणजे प्रोसेसरला आपणहून वेग वाढवू देणारी सोय, चालू केली, पॉवर लिमिट ९० वॉटवर ठेवली, मूळची ७६ आहे. आणि त्यातल्याच कर्व्ह ऑप्टिमायझर या सेटिंगने व्होल्टेज कमी केलं. हो, कमी. एक पायरी साधारण तीन ते पाच मिलिव्होल्टची. सगळे कोअर उणे १५ वर नेले. चिपला त्याच विजेत जास्त वेग परवडायला लागला. रविवारी त्याच खोलीत ७९ अंश. सिनेबेंच आर२३ मध्ये मूळ सेटिंगला ११,१०० च्या आसपास गुण होते, जुन्या ओव्हरक्लॉकला ११,९५०, आता ११,६००. साडेतीनशे गुण सोडले आणि अकरा अंश मिळवले. मला हा सौदा आवडला. पण पीबीओसुद्धा कंपनीच्या लेखी ओव्हरक्लॉकच आहे. त्यामुळे नुकसान झालं तर वॉरंटी मिळत नाही, हे दुकानदाराचं म्हणणं नियमाला धरून आहे. त्याच्याशी भांडू नका.

यावेळी टेस्ट दहा मिनिटांची नव्हती. व्होल्टेज कमी केल्यावर मशीन भाराखाली क्वचित पडतं. पडतं ते निवांत असताना, एकटा कोअर पूर्ण वेगाने धावतो तेव्हा. म्हणून कोअरसायकलर रात्रभर लावून झोपलो, ते एकेका कोअरला पाळीपाळीने पिदडतं. सकाळी बघितलं तर दुसरा कोअर नापास. त्याला उणे ८ वर आणलं आणि पुन्हा एक रात्र. मग दुपारी ओसीसीटी ही भाराची टेस्ट तासभर, शेवटी इव्हेंट व्ह्यूअर. कोरा होता. तरी ‘स्टेबल’ लिहीत नाही, महिनाभर वापरून बघतो.

आणि भाच्याचा बोर्ड मेलाय हे नक्की कोणी ठरवलं? एसएमपीएसची, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याची, वायर काढून, नाण्याएवढा सीआर२०३२ सेल दहा मिनिटं बाहेर ठेवून बघितलाय का? जमलं तर बायोसचं सेटिंग पुसणारा क्लिअर सीमॉसचा जंपरही. कधी कधी बायोस चुकीच्या सेटिंगवर अडकून बसतं आणि बोर्ड मेल्यासारखा पडतो. सॉकेटच्या डाव्या बाजूला टॉर्च मारा. तपकिरी डाग किंवा जळका वास असेल तर मात्र आशा नाही. नसेल तर येत्या रविवारी त्याला बोर्ड घेऊन मुलुंडला पाठवा, तुम्हीही या. माझ्याकडे चालू प्रोसेसर आणि रॅम आहे, लावून बघू. सेल मी आणून ठेवतो. फक्त दुपारी अडीचला या आणि एसीची अपेक्षा ठेवू नका.