रात्रीच्या बॅकअपसाठी लोकांना सिस्टिममधून हाकलू नका

"मावशी, जागी आहेस का? सर्व्हरवर सगळ्यांचं धडाधड बंद पडतंय."

परवा रात्री पावणेएकला भाच्याचा फोन आला. नोकरीला लागून त्याला वर्षही झालेलं नाही. एका गोदामाचा सर्व्हर तो सांभाळतो आणि तिथे रात्रपाळी असते. आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला 'सिस्टिम अ‍ॅडमिनचे सुवर्णनियम' नावाचा मेसेज आला होता. पोराने त्यातला सेशन्स मारण्याचा नियम विश्वासाने क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीत, उतरवला. तोच मेसेज मलाही तीन ग्रुपवर आलाय, खाली अंगठ्यांची रांग, आणि एकानेही तो तपासलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मेसेजचं म्हणणं असं: रात्री एक जरी युजर लॉगिन राहिला तर बॅकअप करप्ट होतो. त्यामुळे आधी सगळी सेशन्स (चालू लॉगिन) 'किल मायनस नाइन' या सक्तीने बंद पाडणाऱ्या कमांडने मारा आणि बॅकअप संपेपर्यंत दर पाच मिनिटांनी मारत राहा. सगळे बाहेर गेले की डेटाबेसचं फोल्डर सरळ कॉपी करा. 'सक्सेसफुल' आलं की झोपा. शिवाय सिक्युरिटीसाठीही रात्री कुणी आत नसलेलंच बरं.

पहिल्यापासून घेऊ. लॉगिन असणं वेगळं, डेटा लिहिणं वेगळं. स्क्रीन उघडी ठेवून जेवायला गेलेला माणूस बॅकअपचं काहीही बिघडवत नाही. आणि तो लिहीत असला तरी? भाच्याकडे पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे. त्याचं पीजी-डंप हे बॅकअपचं साधन सुरू होताना डेटाबेसचा एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाचं चित्र, धरतं आणि शेवटपर्यंत तेवढंच पाहतं. साडेबाराला डंप सुरू झाला आणि १२:३५ ला कुणी चलन सेव्ह केलं, तर ते चलन उद्याच्या बॅकअपमध्ये येईल. आजच्यात ते अर्धवट घुसत नाही. पोस्टग्रेसच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की डेटाबेस वापरात असतानाही हा बॅकअप सुसंगत असतो आणि वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या कुणालाच तो अडवत नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हेच काम डंपचा 'सिंगल ट्रान्झॅक्शन' पर्याय करतो, फक्त टेबलं इनोडीबी या साठवण-प्रकारची हवीत. मायआयसॅम या दुसऱ्या प्रकारची असतील तर ही हमी नाही.

यात अर्धं सत्य आहे, ते नाकारत नाही. साध्या फाइली टार या फाइली गोळा करणाऱ्या कमांडने उचलताना कुणी त्यात लिहीत असेल तर 'वाचता वाचता फाइल बदलली' अशी तक्रार येते, आणि ती खरी असते. त्यावर उपाय म्हणजे आधी एलव्हीएमचा (लिनक्सवरच्या डिस्क-व्यवस्थेचा) स्नॅपशॉट घेऊन त्यावरून कॉपी करणं. विंडोजवर त्यासाठी शॅडो कॉपी आहे. आयबीएम आय या ऑपरेटिंग सिस्टिमवर अख्ख्या सिस्टिमचा सेव्ह घ्यायचा तर ती रिस्ट्रिक्टेड स्टेटमध्ये न्यावीच लागते, म्हणजे सगळे बाहेर. पण ते आधी कळवून, ठरलेल्या वेळी करायचं काम आहे. रोज रात्री गुपचूप नाही.

आता त्या 'किल मायनस नाइन'कडे येते. माझा संताप इथे आहे. हा सिग्नल प्रोसेसला आवरायला क्षणभरही देत नाही. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी सर्व्हरची एक प्रोसेस असते. त्यातली एक जरी अशी मारली तरी मुख्य प्रोसेस शेअर्ड मेमरीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक मेमरीवर, विश्वास ठेवत नाही. ती बाकीची सगळी कनेक्शन्स तोडते आणि क्रॅश रिकव्हरीला, म्हणजे कोसळल्यानंतरच्या दुरुस्तीला, लागते. भाच्याने सर्व्हरच्या संदेशांच्या लॉगचा फोटो पाठवला. ओळीमागून ओळ एकच मजकूर: दुसरी सर्व्हर प्रोसेस कोसळल्याने हे कनेक्शन बंद करत आहोत. मी वेळा जुळवल्या. साडेबाराला पहिला मार, मग डंप सुरू, आणि १२:३५ ला दुसरा मार. त्या तुटलेल्या कनेक्शन्समध्ये पीजी-डंपचंही कनेक्शन होतं! बॅकअप वाचवायला लावलेल्या स्क्रिप्टने बॅकअपच मारला.

आणि माणसांचं काय? कमिट झालेलं, म्हणजे डेटाबेसने पक्कं नोंदलेलं, बदलांच्या लॉगमधून परत येतं, पण रात्रपाळीच्या ताईंनी भरत आणलेलं लांबलचक चलन गेलं. त्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये चलनाचा मथळा आणि आतल्या ओळी वेगवेगळ्या कमिट होतात. त्यामुळे एका चलनाचा नुसता मथळा उरला, खाली माल शून्य. डेटाबेसच्या नजरेत तो वैध डेटा आहे. पुढचा प्रत्येक बॅकअप तो इमानेइतबारे जपून ठेवणार. ज्या अर्धवट डेटाची भीती मेसेज घालतो, तो त्याच्याच उपायाने तयार झाला.

एखादं सेशन खरंच नडतही असेल. ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के किंवा रद्द होणारे बदल) उघडं टाकून तासन्‌तास बसलेलं असेल तर ते लॉक धरून ठेवतं आणि इतरांना अडवू शकतं. ते चालू कनेक्शन्स दाखवणाऱ्या पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' म्हणून दिसतं. तेवढंच शोधा, त्या माणसाला फोन करा, नाहीच जमलं तर पीजी-टर्मिनेट-बॅकएंड या फंक्शनने ते एक सेशन बंद करा. त्यात ट्रान्झॅक्शन नीट रोलबॅक होतं, म्हणजे मागे घेतलं जातं. अशा सेशनसाठी वेगळा टाइमआउट पोस्टग्रेसमध्ये २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून आहे.

फोल्डर कॉपी करण्याबद्दल मॅन्युअलच पुरेसं आहे. तसा बॅकअप हवा असेल तर सर्व्हर बंदच करावा लागतो. सगळी कनेक्शन्स नाकारण्यासारखे अर्धेमुर्धे उपाय चालणार नाहीत, असं तिथे लिहिलंय. कारण टार सगळ्या फाइली एकाच क्षणी टिपत नाही आणि सर्व्हरच्या बफरमध्येही, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतही, डेटा असतो. म्हणजे लोकांना बाहेर काढूनही ती कॉपी भरवशाची नाहीच.

'सक्सेसफुल' म्हणाल, तर भाच्याच्या स्क्रिप्टने त्या रात्रीही तेच छापलं. डंप पाइपमधून, म्हणजे एका कमांडमधून थेट दुसरीत, जीझिप या फाइल दाबून लहान करणाऱ्या कमांडला जात होता. डंप मेला, जीझिपने मिळालं तेवढं गुंडाळलं, आणि स्क्रिप्टने पाहिला तो जीझिपचा निकाल. स्क्रिप्टच्या बॅश भाषेत 'पाइपफेल' ही एक ओळ लावली असती, तर पाइपमधली कुठलीही कमांड फसल्याचं तिथेच कळलं असतं. गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिलंय. पीजी-डंपची आवृत्ती जुळत नसल्याने बॅकअप होतच नव्हते आणि अपयशाच्या ईमेलही पोचत नव्हत्या. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्यात कुणाच्या लॉगिन राहण्याचा काही संबंध नव्हता.

सिक्युरिटीचं म्हणणं मान्य, रिकामी सेशन्स टाइमआउटने बंद व्हायलाच हवीत. मग ती दुपारीही व्हायला हवीत.

भाच्याने मारण्याची ओळ काढली, पाइपफेल घातलं. काल सकाळी त्याने रात्रीचा डंप दुसऱ्या मशिनवर रिस्टोर केला आणि मला फोटो पाठवला. ताईंनी पुन्हा भरलेलं चलन, सगळ्या ओळींसकट, त्यात होतं. तो रिकामा मथळाही होता. तो कुणाच्या सहीने काढायचा हे आज ते दोघं ठरवतायत.