बायोस पुरेसा आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुन्या संगणकात मोठी डिस्क बसवण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपली प्रतिक्रिया मिळाली. बायोस (संगणक सुरू करणारी बोर्डावरची मूळ प्रणाली) अद्ययावत केला आणि त्यात डिस्क पूर्ण दिसली की काम झाले, मग चिपसेट (बोर्डावरच्या मुख्य चिपांचा संच) ओळखायला सांगून मी वाचकांना विनाकारण घाबरवतो, असा आपला आक्षेप आहे. शिवाय जुन्या संगणकांची डिस्कची मर्यादा मी एकदा १३७ आणि एकदा १२८ जीबी लिहिल्याचेही आपण दाखवून दिले आहे.

आधी आकड्यांविषयी. जुने संगणक डिस्कवरची जागा २८ बिटांच्या पत्त्याने ओळखतात. त्या पत्त्यात ५१२ बाइटचे २६,८४,३५,४५६ सेक्टर (डिस्कवरचे लहान कप्पे) मावतात, म्हणजे १,३७,४३,८९,५३,४७२ बाइट. डिस्क बनवणारे यांना शंभर कोटींनी भागून १३७ म्हणतात, तर विंडोज २ च्या तिसाव्या घाताने भागून १२८ दाखवते. हे मी तिथेच सांगायला हवे होते.

मुख्य आक्षेप अर्धा मान्य आहे. डिस्कजोडणीच्या एटीए-६ या मानकातला ४८ बिटांचा मोठा पत्ता डिस्कच्या त्याच रजिस्टरांत (पत्ता लिहायच्या जागांत) दोन खेपांत लिहिला जातो, त्यामुळे जुना चिपसेट सहसा आडवा येत नाही. माझ्या लेखाच्या मथळ्यावरून उलटा समज होतो, ही चूक माझीच. परंतु विंडोज सुरू झाल्यावर डिस्कशी बायोस नव्हे, ड्रायव्हर (विंडोजमधला डिस्क हाताळणारा प्रोग्राम) बोलतो, आणि कोणता ड्रायव्हर चालेल हे चिपसेटवर ठरते.

महाल भागातल्या एका परिचितांच्या छापखान्यात, जुना स्कॅनर विंडोज २००० वरच चालतो म्हणून, इंटेल ८१५ या चिपसेटचा संगणक जपून ठेवलेला होता. मी १६० जीबीची डिस्क विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या संगणकावर एकच पार्टिशन करून तयार केली, इकडे बायोस अद्ययावत केला, त्यात १६० दिसले आणि मी निर्धास्त झालो. काही महिने सारे सुरळीत चालले. डिस्क भरत १३७ च्या पुढे गेली, तेव्हा ड्रायव्हरने पत्त्याचे वरचे बिट गाळले आणि नवा मजकूर डिस्कच्या आरंभी, पार्टिशनच्या तक्त्यावरच जाऊन बसला. तेही ऐन लग्नसराईत, पत्रिकांची कामे अंगावर असताना!

तिथे विंडोज २००० चा सर्व्हिस पॅक (सुधारणांचा संच) ३ किंवा त्यापुढचा घालून रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदीत) ‘एनेबलबिगएलबीए’ची (EnableBigLba) किंमत १ करणे, किंवा इंटेलचा ॲप्लिकेशन ॲक्सिलरेटर हा ड्रायव्हर बसवणे, असे दोन मार्ग होते. दुसरा मार्ग इंटेलच्या ८०० मालिकेतल्या ठराविक चिपसेटांपुरताच आहे. इंटेलच्याच जुन्या ४४०बीएक्स चिपसेटवर तो चालत नाही. बोर्डावरचे ‘८१५’ वाचूनही भागत नाही, कारण साध्या ८१५ सोबत ८२८०१एए हा साउथब्रिज (चिपसेटमधली डिस्क सांभाळणारी चिप) येतो आणि ८१५ई सोबत ८२८०१बीए. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई कंट्रोलरच्या (डिस्कची जोडणी सांभाळणाऱ्या भागाच्या) नावातच हा क्रमांक बहुधा दिसतो. न दिसल्यास लिनक्सच्या सीडीवरून सुरू करून ‘एलएसपीसीआय -एनएन’ (lspci -nn) ही आज्ञा चालवावी. ८०८६:२४४बी असे उमटले, तर तो ८२८०१बीए.

एका ठिकाणी मात्र आपले म्हणणे पुरते लटके पडते. अली (ALi) या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या एम५२२९ कंट्रोलरच्या जुन्या आवृत्त्यांना, म्हणजे सी४ पर्यंतच्या, ४८ बिटांच्या पत्त्यासह डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता डिस्क आणि मेमरीत थेट देवाणघेवाण) जमत नाही. लिनक्सचा ड्रायव्हर आवृत्ती पाहून १३७ जीबीपलीकडे डीएमए स्वतःच सोडून देतो. बायोस बदलून हे सुधारत नाही. अशा बोर्डावर स्वतःचा बायोस असलेले पीसीआय आयडीई कार्ड बसवणे बरे.

आपला संगणक विंडोज २००० वर असेल आणि मोठ्या डिस्कवरचा मजकूर अजून १३७ जीबीच्या आत असेल, तर ती पुढे भरण्याआधी रजिस्ट्रीतली ती किंमत तेवढी पाहून घ्यावी.