चालले तर डौलदार, थांबले तर काकूबाई

काही कपडे सरळ स्वभावाचे असतात. अंगात घातले की बसतात किंवा बसत नाहीत, वाद मिटला. पुढून उघडं, बिनबटणांचं, दोन्ही कडा चुण्या घेत मांडीपर्यंत लोंबणारं कार्डिगन त्या जातीचं नव्हे. वॉटरफॉल कार्डिगन म्हणतात त्याला. बसायला ते सगळ्यांनाच बसतं. पण त्यात माणूस दिसतं कसं, हा प्रश्न ते घरात आल्यापासून धुमसतोय.

पहिलं मत नवऱ्याचं घेतलं. तशी रीतच आहे, त्यातून निष्पन्न काही होत नाही. “छान आहे,” तो मोबाइलकडे बघत म्हणाला. “अरे, वर बघून सांग.” त्याने वर बघितलं, चांगलं निरखून बघितलं, आणि म्हणाला, “छानच आहे की. मला पहिल्यापासून आवडतं हे तुझं.” कार्डिगनची घडी मी त्याच सकाळी मोडली होती.

लेकीला विचारलं. “आई, खरं सांगू?” असं ती म्हणाली तेव्हाच मी आवरतं घ्यायला हवं होतं. “खरं सांगू?” असं विचारून आजवर कुणी चांगलं बोललेलं नाही. “काकूबाई दिसतेस,” ती म्हणाली आणि पुन्हा इअरफोन कानात घालून मोकळी झाली.

एकवेळ टीका परवडते. खरी धास्ती कौतुकाची. धाकटी जाऊ म्हणाली, “अय्या ताई, किती मस्त! सगळं कसं झाकलं जातं ना यात!” सगळं म्हणजे काय काय, हे विचारायचा धीर झाला नाही. मोठ्या नणंदबाईंनी तर पाठीवरून हात फिरवला. “असंच घालत जा हो आता. वयाला शोभून दिसतं.” नणंदबाई माझ्याहून वयाने चांगल्या मोठ्या आणि त्या वेळी स्वतः कमरेवर संपणारं, अंगासरशी बसणारं पोपटी कार्डिगन घालून सोफ्यावर विराजमान होत्या.

मग म्हटलं, लोकांचं राहू दे, आपण शास्त्रशुद्ध विचार करू. आरशासमोर उभी राहिले.

विणलेल्या कापडाची एक गंमत असते. साध्या कापडात आडवे-उभे धागे एकमेकांना धरून बसलेले असतात. विणकामात सगळा मामला टाक्यांचा. एक टाका दुसऱ्यात अडकलेला, प्रत्येकाला जागा सोडायची सवय. म्हणून ते अंगावर मऊ पडतं, आणि म्हणूनच स्वतःच्या वजनाने झोलही खातं. एरवीच्या स्वेटरला कमरेशी आणि मनगटाशी रिबची पट्टी असते, ती त्याला शिस्तीत ठेवते. वॉटरफॉलला खाली पट्टी नाही, पुढे बटणं नाहीत, आणि वर दोन्ही बाजूंना गरजेपेक्षा कितीतरी जास्त कापड. हे जास्तीचं कापड जिथे जिथे लोंबतं त्या जागा म्हणजे छाती आणि पोट. जिथे आपल्याला भर नकोय नेमकी तिथे भर.

तरी त्याची बाजूही मांडायला हवी. मधली उघडी फट ही सरळ उभी रेघ असते, आणि उभ्या रेघेने माणूस उंच नि सडपातळ भासतं. आत अंगाबरोबरचा, एकाच गडद रंगाचा टॉप आणि पँट असेल तर ही रेघ ठसठशीत उठते. आत ढगळ काही घातलं की संपलं; मग ढगळावर ढगळ, मध्ये कुठेतरी आपण. आणखी एक. कार्डिगन जिथे संपतं तिथे बघणाऱ्याची नजर थांबते. त्यामुळे ते मांडीच्या सर्वांत भरदार जागी संपू नये. माझं नेमकं तिथेच संपतं.

मग ऑनलाइन दुकानातले फोटो पुन्हा उघडून बसले, आणि तिथे मला कोडं सुटलं. फोटोतली एकही मॉडेल उभी नव्हती! सगळ्या चालत होत्या. एक पाय पुढे, मान वळलेली, केस उडताहेत, आणि कार्डिगनच्या दोन्ही कडा मागे तरंगताहेत. दुकानातले पुतळे बिचारे चालू शकत नाहीत, तर त्यांच्या पाठीमागे कापड चिमट्यांनी आवळून ठेवतात. कधी पुतळ्याच्या मागे जाऊन बघा, पुढचा घाट मागच्या चिमट्यांवर उभा असतो.

मी हॉलमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत झपाझप चालून पाहिलं. अहाहा! कडा उडाल्या, मधली रेघ उघडली, सगळं जास्तीचं कापड मागे पळालं. काचेच्या कपाटात जे रूप क्षणभर दिसलं ते खरोखर डौलदार होतं. टोकाला पोचून थांबले. सगळं कापड पुढे आलं आणि जागेवर बसलं, आणि कपाटातून माझ्याकडे खिडकीचा पडदा बघत होता.

स्थिर अवस्थेवर उपाय शोधले, नाही असं नाही. पट्टा बांधला तर थेट ड्रेसिंग गाऊन, नवऱ्याने विचारलंही, “बरं नाही का गं?” ब्रोच लावून एक कड खांद्याशी धरली, तर पिनेत धागा अडकून एक टाका बोटभर वर निघून आला. तो सुईने उलट बाजूला ओढून घेताना माझी अर्धी संध्याकाळ गेली. बाह्या कोपराखाली सरकवल्या, तेवढा उपाय मात्र लागू पडला. मनगटं दिसली की आत कुणीतरी आहे असं वाटतं.

ज्या गृहस्थांच्या नावाने हे वस्त्र ओळखलं जातं ते कार्डिगनचे सातवे अर्ल (म्हणजे इंग्रज सरदार), जेम्स ब्रुडनेल, हे एक अजब प्रकरण होतं. कपड्यांचा भारी षोक. अकराव्या हुसार या घोडदळाच्या पलटणीचे प्रमुख असताना पदरचा पैसा ओतून त्यांनी शिपायांचे गणवेश नटवले. पलटणीच्या किरमिजी तंग विजारींची इतरांनी यथेच्छ टवाळी केली. रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हाच्या खोऱ्यात समोरच्या तोफांवर सहाशेहून अधिक स्वारांनिशी चालून गेले ते हेच. शंभराहून अधिक स्वार मारले गेले, अर्लसाहेब परत आले. त्या मोहिमेत बाकीचे तंबूत राहत होते तेव्हा साहेबांचा मुक्काम बंदरात, स्वतःच्या नौकेवर. एवढ्यावर कपड्यांचा हिशेब संपत नाही. त्यांचे सरसेनापती लॉर्ड रॅग्लन, ज्यांचा उजवा हात १८१५ मध्ये वॉटर्लूला गेला, त्यांच्या नावाची बाही आजही शिवली जाते. आणि बालाक्लाव्हा या गावाचं नाव तोंड झाकणाऱ्या लोकरी टोपीला चिकटलं. युद्धातून काय हाती लागलं असं कुणी विचारलं तर कपाट उघडून दाखवावं.

पण मला त्यातला मुद्दा वेगळाच दिसला. अर्लसाहेबांचं जाकीट अंगाबरोबरचं आणि बटणांचं होतं. शिवाय ते स्वार होते. घोडा दौडत असताना कुठलं कार्डिगन वाईट दिसेल?

हा सिद्धांत लेकीला ऐकवला, तर तिने भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट केलं. कर्ट कोबेन, निर्वाणा या अमेरिकी रॉक बँडचा गायक. १९९३ मध्ये एमटीव्ही अनप्लग्डच्या कार्यक्रमात त्याने घातलेलं ते शेवाळी कार्डिगन. “हा अख्खा कार्यक्रम बसून गायला, आई. तरी भारीच दिसतो.” मी चष्मा लावून जवळून पाहिलं. ढगळ, मळकट, ओघळलेलं. लेकीने अभिमानाने माहिती पुरवली: एक बटण गायब आहे, एका जागी जळाल्याचं भोक आहे, आणि २०१९ च्या लिलावात ते ३ लाख ३४ हजार डॉलरला गेलं, तेही न धुता.

“न धुता?”

“धुतलं तर काय उरलं? त्याला ग्रंज म्हणतात.”

“मी भोक नसलेलं, धुतलेलं घातलं तर?”

“काकूबाई.”

मी एवढंच निदर्शनाला आणून दिलं की त्याच्या मांडीवर गिटार होती. पोटापुढचा सगळा मामला गिटारीने झाकलेला. गिटार धरून बसले तर मीही बरी दिसेन.

ती वाजवता येत नसल्यामुळे मी चालण्याचा मार्ग पत्करला. हा मार्ग निष्कंटक नाही. उडणारी कड दाराच्या कडीत अडकते आणि बाई पुढे, कार्डिगन मागे अशी अवस्था होते. बेसिनवर वाकलं की दोन्ही टोकं आधी आंघोळ करतात. खांद्यावरची पर्स जिथे घासते तिथे बारीक गोळे येतात, ते वेगळंच. पण सर्वांत जहाल शत्रू म्हणजे चाकांची खुर्ची. ऑफिसात खुर्ची पुढे ओढली, उठायला गेले, आणि उठलेच नाही. कड चाकाखाली गेलेली. मी जेवढी उठू बघावं तेवढं कार्डिगन मला खाली बसवत होतं. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलाने जमिनीवर बसून, खुर्ची तिरकी करून, एक एक बोट कापड सोडवलं. “मॅडम, हे बेडशीट कुठे टाकू?” असं तो म्हणाला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर ते होतं.

मागच्या महिन्यात एका छोट्या कार्यक्रमात बोलायला बोलावलं होतं. सभागृहात एसी असा काही लावला होता की कार्डिगन काढायची सोय नव्हती. मंचावर माइक, एक टेबल आणि त्यामागे एक खुर्ची. मी खुर्चीच्या पायांकडे पाहिलं. चाकं.

मग मी माइक हातात घेतला आणि चालत बोलले. डावीकडे गेले, गर्रकन वळले, उजवीकडे गेले. वळताना कडा काय सुरेख उडत होत्या! मुद्दा संपत आला की मला पाय थांबतील अशी भीती वाटायची, म्हणून लगेच दुसरा मुद्दा काढायचे. ठरल्यापेक्षा भाषण बरंच लांबलं. नंतर संयोजक म्हणाले, “काय ऊर्जा आहे हो तुमच्यात!” दोघीतिघींनी कार्डिगन कुठून घेतलं ते विचारलं. आता काही बोलायचं कारणच नव्हतं.

फक्त पहिल्या रांगेतल्या एक वयस्क बाई मान चोळत माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, “बोललात छान. पण काय हो, तुम्हाला खुर्ची दिली नव्हती का त्यांनी?”