‘ओके’ म्हणजे ‘शून्य ठार’? काहीही!

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या भाचीच्या ग्रुपवर ‘९९% लोकांना माहीत नाही’ असा मथळा मिरवत तो मेसेज परत आला, आणि तिने तो जीकेच्या वहीत उतरवूनही घेतला. नागपुरात नंदनवन काय नि धरमपेठ काय, अभ्यासिकांमधून हाच कचरा फिरतोय. मेसेज म्हणतो: ओके म्हणजे अमेरिकन यादवी युद्धातलं ‘झिरो किल्ड’ (शून्याचा ओ, किल्डचा के), ओके म्हणजे ग्रीक ‘ओल्ला काल्ला’, अमेरिकेचा अध्यक्ष जॅक्सन याला स्पेलिंग येत नव्हतं म्हणून ओके जन्मला, आणि इंग्रजांनी तो आपल्यावर लादला. शेपटीला ‘हेलो’ची प्रेमकथा. एका शब्दाला तीन बाप, तेही एकाच मेसेजमध्ये!

‘शून्य ठार’ आधी घेऊ, काहून की सगळ्यात जास्त तेच पाठ होतं. ती यादवी पेटली १८६१ मध्ये. ओके छापून आला २३ मार्च १८३९ ला, ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये, आणि अर्थही तिथेच दिलाय: ‘ऑल करेक्ट’. म्हणजे लढाईच्या बावीस वर्षं आधीच मुडदे मोजायला बसले होते काय, राजेहो? शिवाय पलटणीच्या नुकसानीच्या तक्त्यात ठार, जखमी आणि बेपत्ता यांची नोंद वेगवेगळी होई. नुसतं ‘शून्य ठार’ कळवून कोणाचं भागणार होतं?

खरा प्रकार साधा आहे. बॉस्टनच्या पत्रकारांना तेव्हा मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून आद्याक्षरं छापायची खोड लागली होती. आजची पोरं ‘जीएन’, ‘टीसी’ लिहितात तशी. ‘ऑल’मध्ये ए ऐवजी ओ, ‘करेक्ट’मध्ये सी ऐवजी के, झाला ओके. ‘ऑल राइट’चंही असंच ‘ओडब्ल्यू’ केलं होतं, ते मेलं. ओके जगला, कारण १८४० च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेनला त्याच्या किंडरहुक गावावरून ‘ओल्ड किंडरहुक’ म्हणत आणि त्याच्या समर्थकांनी ओके क्लब काढले. उमेदवार पडला, शब्द तरला. ॲलन वॉकर रीड या भाषाभ्यासकाने १९६३-६४ मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ नियतकालिकात जुन्या वर्तमानपत्रांतले दाखले तारीखवार मांडले, तेव्हापासून हा वाद मिटल्यात जमा आहे.

जॅक्सनच्या मुद्द्यात, मान्य करावं लागतं, चुकीच्या स्पेलिंगपुरतं तथ्य आहे. पण ती चूक पत्रकारांची, तीही जाणूनबुजून. जॅक्सनच्या नावावर ती खपवली त्याच निवडणुकीत, व्हॅन ब्युरेनच्या विरोधकांनी. जॅक्सन व्हॅन ब्युरेनचा पाठीराखा होता ना!

ग्रीकमध्ये ‘ओला काला’ म्हणजे सगळं छान, हेही खरं. पण उच्चार जुळला म्हणून सोयरीक होत नाही. बॉस्टनच्या त्या मजकुरात ग्रीकचं नावसुद्धा नाही. इंग्रजांनी लादल्याचं काय बोलावं? शब्दच अमेरिकेचा.

कोणताही ‘फुल फॉर्म’ वहीत उतरवण्याआधी दोन गोष्टी बघा: शब्द पहिल्यांदा कधी छापला गेला आणि त्याच मजकुरात त्याचा अर्थ काय दिलाय. गोष्टीतली घटना त्या तारखेनंतरची निघाली, की पान फाडा.

राहिलं ‘हेलो’. म्हणे मार्गारेट हेलो ही टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलची प्रेयसी, तिच्या नावावरून आपण फोनवर ‘हेलो’ म्हणतो. बेलच्या बायकोचं नाव मेबल हबर्ड, आणि फोनवर ‘अहॉय’ म्हणावं हा त्याचा आग्रह. ‘हेलो’ सुचवलं एडिसनने, १५ ऑगस्ट १८७७ च्या पत्रात.