डावणीची पाने आणि स्पर्धेचे पेपर

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापून आणणे सक्तीचे असावे का, हा सांगली-साताऱ्याकडचा वाद इथे जर्मनीतही कानावर येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, बंद केल्याचे जाहीर केले. तेव्हापासून चांगले नियतकालिक कोणते, हे कॉलेजांनीच ठरवायचे आहे. सक्ती झाली की पोरे पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्यांकडे वळतात, म्हणून माझा सक्तीला विरोध आहे. एआय स्पर्धेत, म्हणजे सगळ्यांना एकच डेटा देऊन कोणाचे मॉडेल जास्त गुण मिळवते ते पाहणाऱ्या स्पर्धेत, उतरलेल्या गटाने मात्र पेपर जरूर लिहावा.

आखनच्या विद्यापीठातून १९९५ पासून सीईयूआर ही प्रकाशनमाला चालते. ती छपाईचे शुल्क घेत नाही. भारतातल्या 'फायर' या माहिती-शोधावरच्या परिषदेतल्या स्पर्धांचे पेपर तिथेच निघतात. त्यातल्याच 'हासोक' स्पर्धेत २०२१ मध्ये मराठीतला आक्षेपार्ह मजकूर ओळखायचा होता. परिषदेची नोंदणी फी वेगळी लागू शकते, ती आधी विचारावी. आणि या मालेतले सगळेच चांगले असे नाही. 'आमचा क्रमांक सातवा' यापलीकडे काही न सांगणारे पेपर इथेही ढिगाने निघतात.

वाचकाला हवे असते ते गुण कशाने वाढले हे. पाच मॉडेले एकत्र केली असतील, तर एकेक काढून गुण किती घसरतात त्याचा तक्ता द्या. प्रत्येक प्रयोग किमान ५ सीडवर (सीड म्हणजे यादृच्छिक सुरुवात ठरवणारा आकडा) चालवून सरासरी आणि प्रमाण विचलन लिहा. अर्ध्या टक्क्याची आघाडी बरेचदा त्या विचलनातच विरते. सबमिशन किती वेळा केले, म्हणजे उत्तरे गुणांसाठी किती वेळा पाठवली, तेही लिहा. शंभरदा पाठवले की मॉडेल नकळत जाहीर गुणफलकाला बेतले जाते आणि शेवटच्या निकालासाठी झाकून ठेवलेल्या डेटावर आपटते. स्पर्धेनंतर डेटा वापरायची परवानगी आहे का, हे नियमांत पहिल्याच दिवशी पाहा.

तासगावकडच्या मुलांना द्राक्षाच्या पानांचा विषय जवळचा. त्यासाठी सर्रास घेतात तो प्लँटव्हिलेज हा पिकांच्या पानांच्या फोटोंचा संच. त्यात ५४,३०६ फोटो आहेत, पण द्राक्षाचे वर्ग चारच: ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी. डावणी नाही, भुरी नाही, हे आपल्याकडचे द्राक्षावरचे बुरशीचे रोगच नाहीत! या संचावरच्या २०१६ च्या पेपरात अचूकता ९९.३५ टक्के आली, आणि वेगळ्या परिस्थितीतल्या फोटोंवर ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. लेखकांनी दुसरा आकडाही छापला, म्हणून तो पेपर आजही उपयोगी पडतो.

माझ्या मते सांगलीच्या कॉलेजांनी स्वतःच स्पर्धा भरवावी आणि डेटा कसा जमवला यावर पेपर लिहावा. मॉडेलच्या सरावाचे आणि चाचणीचे फोटो वेगळे करताना वाटणी फोटोनुसार नको, बागेनुसार हवी. एकाच बागेचे फोटो सरावात आणि चाचणीतही आले, तर मॉडेल रोगाऐवजी तिथली माती आणि मांडव ओळखायला शिकते. प्रत्येक फोटोला दोन जाणकारांनी स्वतंत्रपणे रोगाचे नाव द्यावे, आणि किती फोटोंवर दोघांचे जमले नाही तो आकडा पेपरात यावा. बागायतदाराची लेखी संमती घ्या, फोटोतले जीपीएस काढून टाका. डावणीचे तेलकट डाग पानाच्या वर दिसतात आणि पांढरी बुरशी खाली, तेव्हा प्रत्येक पान उलटून दुसराही फोटो घ्या.